नऊ हजार फेऱ्यांचा दम

परवाच्या रविवारी पहाटे साडेपाचला मेस्त्रींचा नातू दारात येऊन उभा राहिला. "काका, स्वेटर घाला आणि चला. तासाभरात आणून सोडतो." खाली उभी होती ती वीस-बावीस वर्षांची जुनी होंडा सिटी. रंग उडालेला, पुढच्या बंपरला दोरी बांधलेली. पोराने ती कुठूनशी भंगाराच्या भावात आणून वर्षभर खपून चालती केली होती. मागे लिहिलेली 'व्हीटेक' ही अक्षरे तेवढी त्याने घासूनपुसून चकचकीत ठेवली होती.

जोतिबाच्या वाटेवर चढ लागला तेव्हा रस्ता मोकळा होता. त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दाबला. तीन हजार, चार हजार, काटा सावकाश चढत होता आणि इंजिन कुरकुरत होते. पाच हजारांच्या पुढे कुठेतरी आवाजच बदलला. इतका वेळ नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाने एकदम तोंड उघडावे तसे झाले. काटा सात हजारांकडे धावला आणि माझी पाठ सीटला टेकली. "ऐकलं?" पोरगा म्हणाला. "हे आजोबांना ऐकवायचं राहून गेलं."

मी काही बोललो नाही. त्याच्या आजोबांना हा आवाज ऐकू न येण्यात माझाही थोडा हात होता, हे त्या पोराला ठाऊक नव्हते.

*

गोष्ट १९८७ सालची. मी बँकेच्या उद्यमनगरातल्या शाखेत कर्जविभागाचा अधिकारी होतो. वय सत्तावीस. शिवाजी उद्यमनगर ज्यांनी त्या काळात पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. एका गल्लीत लेथ, दुसरीत ओतकाम, तिसरीत पॅटर्न करणारे सुतार. संध्याकाळी भट्टी लागली की सगळ्या पेठेला कोकचा वास यायचा. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली उभा राहिला. आमच्या गावाने तो धडा आपल्या पद्धतीने गिरवला. पंचगंगेचे पाणी उसाला चढवायचे, गुऱ्हाळावर चरक फिरवायचा, तर इंजिन हवेच. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या मेस्त्री मंडळींनी परदेशी इंजिने उघडून, मापे घेऊन तशीच इंजिने ओतली.

ती इंजिने मिनिटाला साडेसहाशे फेरे घ्यायची. म्हणजे सेकंदाला अकराच्या आत. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो, तेव्हा सेकंदाला पाच ठोके. थड, थड, थड. बोटांवर मोजता यावेत असे. आमचे मेस्त्री स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून नुसत्या ऐकण्यावरून सांगायचे की रिंग बसली आहे की बेअरिंग वाजते आहे. चालत्या इंजिनावर रुपयाचे नाणे कडेवर उभे करून दाखवण्याची त्यांना हौस होती. नाणे पडले नाही की गिऱ्हाईक खूष.

शाखेत तेव्हा वीज गेली की लावायला होंडाच्या बनावटीचा एक छोटा जनरेटर होता. एकदा मेस्त्री हप्ता भरायला आले आणि वीज गेली. शिपायाने तो जनरेटर एका हाताने उचलून व्हरांड्यात ठेवला आणि दोरी ओढली. मेस्त्री हप्ता विसरून त्याच्यापाशी उकिडवे बसले. "ह्येचे फेरे किती वो साहेब?" मला काय ठाऊक! त्यांनीच खालची पाटी वाचवून घेतली. तीन हजार. आमचे पाच हॉर्सपॉवरचे इंजिन हलवायला चार गडी आणि वासे लागायचे. हा डबा एका हातात मावत होता. मेस्त्री वीज येईपर्यंत तिथून उठले नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा अर्ज आला. शेतकऱ्याला खांद्यावर टाकून विहिरीपर्यंत नेता येईल असे तीन हजार फेऱ्यांचे इंजिन त्यांना स्वतः घडवायचे होते. दीड लाख रुपये हवे होते. पॅटर्न, डाय, चाचणीचा बाक, सगळे कलमवार लिहिले होते. शेवटून दुसरे कलम वाचून मी पेन खाली ठेवले. 'चाचणीत फुटणारी इंजिने : नग १२.'

मी म्हणालो, "मेस्त्री, हे कलम काढा. बँकेच्या पैशाने इंजिने फोडायची नसतात."

ते शांतपणे म्हणाले, "फुटलं तर फुटूदे की साहेब. कुठनं फुटतंय ते तरी कळंल."

त्यांनी कलम काढले नाही. मी शेरा लिहिला. बाजारपेठ सिद्ध नाही, तांत्रिक यशाची खात्री नाही, चाचणीतील नुकसान वित्तपुरवठ्यास पात्र नाही, सबब शिफारस नाही. शेरा नियमाला धरून होता. व्यवस्थापकांनी तो वाचून माझी पाठ थोपटली होती.

*

पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, बँक सुटली, मेस्त्रीही गेले. पण ते बारा नग डोक्यातून गेले नाहीत. जोतिबाहून परत आल्यावर ते फारच छळू लागले, तेव्हा मी पोराला म्हटले, मला हे फेऱ्यांचे प्रकरण नीट समजावून सांग. चार रविवार त्याने माझी शिकवणी घेतली. त्यातून मला उमगले ते असे.

इंजिनाची ताकद वाढवायचे दोन रस्ते. एक, सिलिंडर मोठा करायचा, म्हणजे एका ठोक्यात जास्त जोर. दुसरा, आहे तोच ठोका जास्त वेळा मारायचा. हा दुसरा रस्ता ऐकायला सोपा वाटतो. पण फेरे दुप्पट केले की पिस्टनला मागेपुढे ओढणारा जोर चौपट होतो, तिप्पट केले की नऊपट. पाव-अर्धा किलोचा पिस्टन नऊ हजार फेऱ्यांवर आपल्या कनेक्टिंग रॉडला टनाहून जास्त ओढ देतो. साडेसहाशे फेऱ्यांवर जो दांडा जन्मभर टिकतो तो तिथे काडीसारखा मोडेल. म्हणून प्रत्येक भाग हलका हवा आणि हलका असून चिवट हवा.

दुसरी अडचण श्वासाची. कोल्हापूरच्या माणसाला ही तालमीच्या भाषेत लवकर कळते. खासबागेत कुस्ती रंगते तेव्हा हरणाऱ्याची ताकद संपलेली नसते, त्याचा दम संपलेला असतो. इंजिनाचेही तसेच. नऊ हजार फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्हला सेकंदाला पंचाहत्तर वेळा उघडझाप करावी लागते. तेवढ्यात हवा आत यायची, जळायची आणि धूर बाहेर जायचा. व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडा ठेवला तर वरच्या फेऱ्यांना दम पुरतो, पण मग हेच इंजिन बाजारपेठेतल्या गर्दीत सावकाश चालताना गचके खाते, पेट्रोल पिते, बंद पडते. मैदानातला पैलवान आणि दुकानातला कारकून एकाच देहात कसे नांदवायचे, असा हा प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सोडवला त्याचे नाव होंडा. आणि त्या घराण्याचा मूळपुरुष निघाला लोहाराचा मुलगा.

सोइचिरो होंडाचा जन्म १९०६ साली जपानमध्ये हामामात्सूजवळच्या एका खेड्यात झाला. मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात त्याचे शिक्षण झाले. पुढे त्याने पिस्टन रिंगा ओतायला घेतल्या आणि त्या त्याला जमेनात. ओतल्या की ठिसूळ निघायच्या. शेवटी तिशी उलटलेला हा कारखानदार हामामात्सूच्या तांत्रिक शाळेत पोरांच्या बाकावर जाऊन बसला. तिथे त्याला कळले की त्याच्या लोखंडात सिलिकॉन कमी पडते आहे. उद्यमनगरातला कुठलाही भट्टीवाला हे वाचून हसेल. सिलिकॉन कमी पडले की बीड पांढरे आणि कडक होते, टिचकी मारली तर तुटते, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. पुढे त्याने टोयोटाकडे पन्नास रिंगा तपासणीला दिल्या, त्यांतल्या तीन पास झाल्या. सत्तेचाळीस नापास! माझ्यासारखा अधिकारी तिथे असता तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद झाले असते.

याच माणसाच्या कंपनीने १९६३ साली पहिली स्पोर्ट्स कार काढली, एस ५००. इंजिन ५३१ सीसीचे, म्हणजे आपल्या बुलेटच्या आसपासचे. पण चार सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट, चार कार्ब्युरेटर, आणि क्रँकला रोलर बेअरिंगे. आठ हजार फेऱ्यांवर चव्वेचाळीस अश्वशक्ती. मोटारसायकलच्या शर्यतींत शिकलेले सगळे त्यांनी मोटारीत ओतले होते. पाठोपाठ एस ६०० आली, साडेआठ हजारांवर सत्तावन्न. मग १९६६ साली एस ८००, आठ हजारांवर सत्तर. दरम्यान १९६५ साली मेक्सिकोत दीड लिटरच्या बारा सिलिंडरी इंजिनाने होंडाला फॉर्म्युला वनची पहिली शर्यत जिंकून दिली होती. या पहिल्या पिढीने श्वासाचा प्रश्न असा सोडवला की खालच्या फेऱ्यांची फिकीरच केली नाही. मैदानातला पैलवान घेतला, कारकुनाला घरी पाठवले.

मग आला १९७० नंतरचा काळ. अमेरिकेत धुराचे कायदे कडक झाले, पेट्रोल महागले. एस ८००चे उत्पादन थांबले. शर्यतीच्या अभियंत्यांना धूर कमी करण्याच्या कामाला लावले गेले आणि १९७३ साली त्यांनी सीव्हीसीसी नावाचे स्वच्छ जळणारे इंजिन बाजारात आणले. स्पोर्ट्स कारचे चाहते या दशकाला वाया गेलेले दशक म्हणतात. मला तसे वाटत नाही. इंधनाचा थेंब न्‌ थेंब सिलिंडरात नेमका कसा जळतो हे त्या मंडळींना त्या सक्तीच्या वर्षांत कळले. पैलवानाला मांडीच्या दुखण्याने वर्षभर बसवावे आणि त्याने त्या काळात श्वासाचा अभ्यास करावा, असे झाले.

त्याचे फळ १९८९ साली दिसले. इकुओ काजितानी या अभियंत्याच्या गटाने एकाच कॅमशाफ्टवर दोन तऱ्हेचे उंचवटे कोरले. एक सावकाश चालण्यासाठी बेताचा, दुसरा पळण्यासाठी उंच. खालच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह बेताच्या उंचवट्यावर चालतात. ठरावीक फेरे झाले की तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, शेजारशेजारचे रॉकर एकमेकांत अडकतात आणि सगळे व्हॉल्व्ह उंच कॅमच्या तालावर नाचू लागतात. जोतिबाच्या चढावर मी ऐकला तो हा क्षण. इंजिनाने दुसरी छाती लावली होती! यालाच व्हीटेक म्हणतात.

इथे एक तपशील मला मोलाचा वाटला. त्या १.६ लिटरच्या इंजिनासाठी अभियंत्यांनी १४० अश्वशक्तीचे लक्ष्य धरले होते. तेही त्या काळात भारी होते. संशोधन विभागाचे प्रमुख नोबुहिको कावामोटो यांनी मात्र सुचवले की लिटरमागे शंभर का नको? म्हणजे १६०. पोरे आधीच अवघड ओझे उचलत असताना वरच्याने आणखी वीस चढवले. पण नुसते चढवले नाही. सुटे भाग मोडणार, वर्षे जाणार, ती जबाबदारीही कंपनीने उचलली. इंटेग्रा बाजारात आली ती ७,६०० फेऱ्यांवर १६० अश्वशक्ती देतच.

पुढच्या वर्षी, १९९० साली, एनएसएक्स गाडीत टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आले. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीत हे पहिल्यांदाच घडत होते. १९९५ च्या इंटेग्रा टाइप आर गाडीत १.८ लिटरमधून आठ हजारांवर दोनशे अश्वशक्ती काढली, आणि त्यासाठी सिलिंडर हेडमधले हवेचे रस्ते कुशल कामगारांनी हाताने घासून गुळगुळीत केले. संगणकाच्या जमान्यात शेवटचा हात कारागिराचाच! हे वाचून मला मेस्त्रींची कानस आठवली. बाहेरून चांगला दिसणारा पोर्ट ते आत बोट घालून पुन्हा घासत बसायचे.

आणि १९९९ साली एस २०००. दोन लिटरचे साधे चार सिलिंडर, टर्बो नाही, आणि ८,३०० फेऱ्यांवर २५० अश्वशक्ती. काट्याची लाल रेघ नऊ हजारांवर. पिस्टनची धाव आहे ८४ मिलिमीटरची. आपल्याकडे चौऱ्याऐंशीचा फेरा म्हणतात, तो इथे एका सेकंदात दीडशे वेळा पुरा होतो. हिशेब केला तर पिस्टन सरासरी सेकंदाला पंचवीस मीटर धावतो, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटर. आणि त्यात सेकंदाला तीनशे वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो. एवढी घसट सोसावी म्हणून ॲल्युमिनियमच्या सिलिंडरच्या भिंतीत तंतू घातलेला खास थर दिला होता. १९६३ च्या अर्ध्या लिटरच्या पोरकट इंजिनापासून इथवर यायला छत्तीस वर्षे लागली होती.

गंमत पुढे आहे. चार-पाच वर्षांनी त्यांनी याच इंजिनाचे फेरे कमी केले. अमेरिकेसाठी २००४ च्या गाडीत आणि नंतर जपानमध्येही. पिस्टनची धाव वाढवून इंजिन २.२ लिटरचे केले आणि लाल रेघ आठ हजारांवर आणली. कारण रोजच्या रस्त्यावर सहा हजारांच्या वर कोण सारखे जाते? लोकांना खालचा जोर हवा होता. चाहते हळहळले. २००९ साली ती गाडी बंद झाली. २०१५ मध्ये सिव्हिक टाइप आर आली ती टर्बो घेऊन, ६,५०० फेऱ्यांवर ३१० अश्वशक्ती. श्वास आता बाहेरून भरला जात होता, स्वतःच्या छातीवर नऊ हजारांपर्यंत जायची गरज उरली नव्हती.

मी पोराला विचारले, मग तो सगळा खटाटोप फुकट गेला म्हणायचा? तो म्हणाला, "नाही काका. नऊ हजारांवर काय फुटतं हे ज्याला माहीत आहे, त्याचं इंजिन सहा हजारांवर निवांत चालतं." चेहरा त्याचा नव्हता, बोलणारे मेस्त्री होते.

*

मेस्त्रींनी नंतर कुठूनही कर्ज काढले नाही. हळूहळू विजेच्या पंपांनी साडेसहाशे फेऱ्यांची इंजिने मागे टाकली. उद्यमनगरातले कितीतरी लोक इंजिन सोडून सुट्या भागांच्या ओतकामाकडे वळले, तसे मेस्त्रींचे चिरंजीवही वळले. चांगले कमावले. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशी कारखान्यांची रांग लागली, कोकच्या भट्ट्यांच्या जागी विजेच्या आल्या. आज कोल्हापुरात ओतलेले भाग देशातल्या आणि परदेशातल्या गाड्यांत बसतात. यात कमीपणा नाही. पण नकाशा दुसऱ्याचा, लोखंड आमचे. कुठला भाग का मोडला हे नकाशावाल्याला कळते, आम्हाला फक्त नापास नगांची संख्या कळते.

मी शिफारस केली असती तर? मी भाबडा नाही. बहुधा कर्ज बुडाले असते. दीड लाखात होंडा उभी राहत नाही, आणि तीन हजार फेऱ्यांचे छोटे इंजिन तेव्हा बाजारात मिळतच होते. मेस्त्रींचे घर लिलावात गेले असते आणि मी आज वेगळ्या कारणाने हळहळलो असतो. शेरा चुकीचा होता असे मी अजूनही म्हणणार नाही. चूक वेगळी होती. त्या अर्जातले सगळ्यांत शहाणपणाचे कलम मी सगळ्यांत मूर्खपणाचे समजलो. बाकीची कलमे कुणीही लिहिली असती. बारा इंजिने फुटणार हे आधीच जाणणारा, आणि ते बँकेला लेखी सांगणारा माणूस मला नोकरीत पुन्हा भेटला नाही.

गेल्या रविवारी पोरगा शिकवणीला आला तेव्हा हातात फाइल होती. विजेच्या गाड्यांच्या मोटारी दहा-पंधरा हजार फेरे सहज घेतात म्हणे. तिथे श्वासाचा प्रश्न नाही, पण फेऱ्यांचा जोर सुटत नाही, तो इथेही वर्गानेच वाढतो. मोटारीचे हलके भाग त्याला स्वतःच्या नकाशावर ओतायचे आहेत, आणि ते फिरवून बघायला चाचणीचा बाक हवा आहे. प्रकल्प अहवाल बँकेत द्यायचा होता. "तुम्ही बँकेतले, एकदा नजर घाला."

मी कलमे वाचत गेलो. शेवटून दुसऱ्या कलमाशी थांबलो. 'चाचणीत फुटणारे नमुने : नग ४०.'

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. पण काका, बँक हरकत घेईल का? काढून टाकू?"

मी त्याला १९८७ चा तो शेरा सांगितला. सगळा, शब्दाशब्दाने. तो ऐकत राहिला. रागावला नाही, काही बोललाही नाही. मग मी कोरा कागद ओढला आणि म्हणालो, कलम राहू दे, पण त्याच्यासमोर चाळीसच का, पहिल्या दहांत काय बघणार, फुटलेला नग कापून काय तपासणार, हे सगळे लिही. अधिकाऱ्याला नियमात बसवायला काहीतरी हातात लागते. ते कसे लिहायचे ते मला येते.

आम्ही लिहायला बसलो ते जेवणाची हाक येईपर्यंत. अठ्ठाविसाव्या नगापर्यंत आलो आहोत.